कॅमेरामनला शिव्या घालण्याआधी

'तुंबाड' बघून "काही दिसतच नाही, नुसता काळोख" म्हणणारे मला भेटलेले बहुतेक सगळे घरी बघितलेले निघाले. २०१८ ला थिएटरात तो फार चालला नाही, नाव झालं ते नंतर, टीव्ही-मोबाइलवर. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली, आणि त्याच काळोखात वाड्याच्या भिंती, ओल, कंदिलामागचा चेहरा असं सगळं नीट दिसलं. पंकज कुमारने शूट केलेलं काही बदललं नव्हतं. मग घरी येईपर्यंत वाटेत कुठे सांडलं?

थिएटरच्या फाइलला सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत (म्हणजे तेवढ्या माहितीची) मुभा असते आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवतात. ब्लू-रे डिस्कवर चित्राला जास्तीत जास्त ४०. ओटीटीवर फुल एचडी साधारण ५ च्या आसपास येतं. एवढं कापायचं म्हटल्यावर कॉम्प्रेशनची, म्हणजे फाइल दाबून लहान करण्याची, कात्री आधी अंधारावर चालते, कारण तिथलं गेलेलं कुणाला कळत नाही असा हिशोब. घरी येणाऱ्या साध्या, ८ बिटच्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २२० पायऱ्या, त्यातल्या अगदी गडद भागाच्या वाट्याला मोजक्याच. म्हणून काळोख हळूहळू दाट होत जात नाही, त्याचे पट्टे पडतात आणि त्यात चौकोन वळवळायला लागतात.

कौटुंबिक सिनेमात हे खपून जातं. राक्षसाच्या सिनेमात राक्षस नेमका तिथेच बसलेला असतो ना! आधी काहीतरी हललंसं वाटतं, मग खांद्याची कड, मग डोळा. ती पुसट, सावकाश सरकणारी कड कॉम्प्रेशनला कचरा वाटते आणि ते ती गुळगुळीत करून टाकतं. म्हणजे आधी काळा ठिपका आणि मग थेट राक्षस. मधली "आहे का नाही?" ही धाकधूक गायब, आणि पैसे तर त्याचेच दिले होते.

लाल रंगाचे हाल आणखी वाईट. घरच्या जवळपास सगळ्या फॉरमॅटमध्ये उजेड-सावली पूर्ण तपशिलात ठेवतात, रंग मात्र चौथाई तपशिलात. लालचा उजेडातला वाटा जेमतेम पाचवा हिस्सा, त्यामुळे लाल दृश्यातले बारकावे त्या चौथाईतच अडकतात. 'तुंबाड'मधला, राक्षस राहतो तो देवीचा गर्भ आठवा. पिठाचं पांढरं रिंगण घरीही स्वच्छ दिसतं, पण भोवतीच्या मांसल भिंतींच्या घड्या विरघळून लाल चिखल होतो. २०१४ च्या 'गॉडझिला'त सैनिक पायाला लाल धूर बांधून ढगांतून उड्या मारतात, तिथेही तेच. वर धूर, म्हणजे दर फ्रेमला नवीन आकार, म्हणजे आणखी बिट हवेत.

'४के' लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका. फुल एचडीच्या मानाने पिक्सेल चौपट होतात, बिट त्या प्रमाणात वाढतातच असं नाही. अंधाऱ्या सिनेमासाठी मी ४के स्ट्रीमिंगपेक्षा साधी ब्लू-रे केव्हाही घेईन. (घेईन म्हणतोय खरं, पण डिस्कचं दुकान सापडलं तर!) ओटीटीवाल्यांनी '४के'च्या शिक्क्याशेजारी बिटरेटही (सेकंदाला किती बिट ते) छापावा, एवढीच माझी मागणी आहे.

सगळं खापर कॉम्प्रेशनवर फोडत नाही. 'एलियन्स व्हर्सेस प्रीडेटर: रेक्विएम' (२००७) थिएटरातही धड दिसत नाही अशी बोंब होती. आणि २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या त्या रात्रीच्या लढाईवरून ओरड झाली तेव्हा कॅमेरामनने प्रेक्षकांच्या टीव्ही सेटिंगकडे आणि कॉम्प्रेशनकडे बोट दाखवलं. निम्मं पटतं. पण बाबा, मालिका टीव्हीसाठीच होती, मग साध्या टीव्हीवर एकदा लावून बघायची होतीस की!

आपल्या हातात आहे तेवढं करा. ट्यूबलाइट बंद, पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर', मोबाइलवर डेटा सेव्हर बंद. आणि घरातलं कोणी ब्राइटनेस वाढवायला उठलं तर रिमोट आधी ताब्यात घ्या. त्याने राक्षस दिसत नाही, चौकोन उजळतात.