मी डेव्हलपर झालो

बेळगावच्या गणपत गल्लीत दहा रुपयांची शेवंती घेतली, खिशातून फोन काढला आणि फोनची समाधी लागली. स्क्रीन लख्ख, फूलवालीचा कोड समोर, पण बोट कितीही दाबा, हूं नाही की चूं नाही. मागं रांग. फूलवाली म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा की, त्यांचं घेऊ दे." बाजूला होऊन अकरा गिऱ्हाइकं मोजली. शेवटी पिशवीच्या तळाची चिल्लर दिली आणि शहापूरला घरी आलो.

घरी भाचा आला होता. इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे आमच्या घरातले मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळे पेशंट त्याचेच. त्यानं आधी स्टोरेज उघडलं. 64 जीबीतले 61 भरलेले! त्यात निम्म्याहून जास्त उगवते सूर्य, गुलाब आणि 'शुभ सकाळ'.

"मामा, ही मेमरी पंगतीसारखी असते. उष्टी पानं उचलल्याशिवाय दुसरी पंगत बसत नाही. तुम्ही तर जेवलेली माणसंच उठू देत नाही."

सूर्य पुसायला दीड तास लागला. एकेक पाहूनच पुसत होतो, कारण सूर्यांच्या मधेच नातीचं बारसं निघत होतं.

मग त्यानं फोन सेफ मोडमध्ये टाकला. यात आपण वरून घातलेली ॲपं झोपतात, फोनबरोबर आलेली तेवढी जागी राहतात. फोन पाण्यासारखा पळायला लागला. पैसे देण्याचं ॲपही झोपलं होतं, ती गोष्ट निराळी. "म्हणजे दोष बाहेरून आलेल्याचा," भाचा म्हणाला. सीमाभागात हे वाक्य जरा जपून बोलावं, पण तो बोलला. चोर सापडला तो बॅटरी वाचवणारं ॲप. ते रात्रंदिवस जागं राहून माझी बॅटरी वाचवत होतं.

बॅटरीचं दुसरं दुखणं मात्र भाच्याच्या हातचं नव्हतं. आमची सासुरवाडी शिनोळीची, म्हणजे हद्दीपलीकडं महाराष्ट्रातली. हद्दीजवळचं बाची गाव सोडलं की माझं कर्नाटकचं सिम गोंधळतं. घडीत इकडचा टॉवर, घडीत तिकडचा. टॉवर लांब पडला की फोनला जास्त जोर लावून ओरडावं लागतं आणि बॅटरी उतरते. 1956 साली राज्यं पाडताना माणसांच्या वाटण्या झाल्या, लहरींना कुणी नोटीस दिली नाही. जावयाचा पाहुणचार आटोपेपर्यंत फोन आडवा झालेला असतो.

"आता शेवटचं," भाचा म्हणाला. "फोनविषयी माहितीत जा. बिल्ड नंबरवर सात वेळा दाबा."

"सातच का?"

"दाबा की ओ, मामा."

सप्तपदीनंतर पहिल्यांदाच मी इतक्या श्रद्धेनं सात मोजले. सातव्याला खाली अक्षरं आली, की तुम्ही आता डेव्हलपर, म्हणजे ॲपं घडवणारे, झालात. ३४ वर्षं कारकुनी करून मी हेडक्लार्क झालो नाही, आणि इथं सात टिचक्यांत! बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग भाजी तेवढी निवडून द्या." त्या नव्या खात्यात ॲनिमेशनचे, म्हणजे खिडक्या उघडतानाच्या नखऱ्यांचे, तीन आकडे होते, भाच्यानं तिन्ही एकावरून अर्ध्यावर आणले. खिडक्या आता लाडीगोडी न करता फटाफट उघडायला लागल्या.

इथंच थांबायला हवं होतं. पण अंगात डेव्हलपर आला होता. भाचा गेल्यावर मी स्वतःच्या अधिकारात अक्षरं सगळ्यात मोठी केली. चष्म्याविना दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गणपत गल्ली. वीसची शेवंती घासाघीस करून पंधराला आणली आणि ऐटीत फोन काढला. कोड क्षणात वाचला, आकडा घातला, आणि पुढचं बटण गायब! अक्षरं इतकी फुगली होती की बटण स्क्रीनच्या खाली ढकललं गेलं होतं. चाचपडत मागं आलो, दिसेल ते दाबलं, पिन मागितला तो दिला. फोन आता अजिबात अडकत नव्हता. फटकन माझ्या खात्यातली शिल्लक पडदाभर उमटली.

मागच्या मावशींनी मान पुढं काढून ती मोठ्यानं वाचली. पैशांसकट. मग फूलवालीकडं वळून म्हणाल्या, "ह्यांच्याकडून वीसच घे गं."