बघ ना, आता बघ!

जुना चित्रपट आपल्या माणसाला दाखवायला बसलं की आपण पडद्याकडे पाहत नाही, त्याच्या तोंडाकडे पाहतो. दचकला का? हसला का? की डोळे मोबाइलकडे वळले?

भाच्याला मी १९६० सालचा 'सायको' लावून दिला. पाट्या पडू लागल्या तसा तो उठायलाच लागला. हल्ली नावांची ती लांबलचक रांग शेवटी येते. नावं दिसली की निघायचं, एवढंच त्याला ठाऊक. दटावून खाली बसवला.

पुढचा पाऊण तास छळाचा. रंग कुठे गेले? ही बाई नुसती गाडीच का चालवतेय? अखेर ती शॉवरखाली उभी राहिली. मी श्वास रोखून त्याच्याकडे पाहिलं. त्याने जांभई दिली. "मामा, आता हिला मारणार ना?"

झालं! नायिकेलाच अर्ध्या वाटेत संपवणं तेव्हाच्या प्रेक्षकाच्या स्वप्नातही नव्हतं. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा दिग्दर्शक हिचकॉकने दंडकच घातला होता. पण त्या खुनाच्या नंतर इतक्या नकला झाल्या की भाच्याने आधी नकला पाहिल्या, मग अस्सल. त्याला अस्सलच उसनं वाटलं. जुन्या चित्रपटांचं खरं दुखणं हे. 'संथ असतात' ही तक्रार मी मनावर घेत नाही. संथ चित्रपट आजही निघतात, फक्त त्यांना पारितोषिकं मिळतात.

पण त्याला तरी किती बोलायचं? आपल्या जन्माआधीचं ते जुनं, ही प्रत्येकाची सोयीची व्याख्या. मूकपटातली माणसं दुडूदुडू धावू लागली की मलाही झोप येते. (बिचारी धावत नव्हती. सेकंदाला १६-१८ चौकटींनी टिपलेली फीत २४च्या वेगाने फिरवली की कुणीही धावेल. कारण कळलं म्हणून झोप थांबत नाही.)

शेवटी मी माहितीचा मारा सुरू केला. तो एक खून टिपायला आठवडा लागला, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं, कृष्णधवल असल्याने खपून गेलं. चॉकलेट ऐकताच स्वारी सावरून बसली.

"मग रंगीत काढला असता तर?"

काढलाय की! १९९८ साली हाच चित्रपट, जवळजवळ दृश्यागणिक तस्साच, रंगीत.

"मग तोच लाव ना!" म्हणत त्याने स्वतःच शोधून काढला, साल वाचलं आणि रिमोट माझ्या हातात दिला. "हाही जुनाच आहे, मामा."