डोंगराची सायकल आणि झोपाळ्याच्या कड्या

गोव्यात चाळिशी उलटलेला माणूस सायकलवर दिसला की त्याच्यावर काहीतरी संकट कोसळलंय, हे लोक गृहीतच धरतात. नाक्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायची तरी आमच्याकडे स्कूटर बाहेर निघते. अशा मुलखात घामाघूम होऊन चढण चढणारा गृहस्थ संशयास्पदच. 'कितें रे, लायसन काडून घेतलें?' हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की 'दोतोरान सांगलां?' तेही नाही म्हटलं, तर विचारणारा आवाज खाली आणतो आणि पगार वेळेवर होतोय ना, अशी आडून चौकशी करतो. हौसेखातर कोणी डोंगरात सायकल हाकेल, ही शक्यता यादीतच नसते.

मी डिचोलीचा. आमच्या बाजूला सायकलीसाठी डोंगर शोधत फिरावं लागत नाही. घरामागे जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, त्यावर करवंदीच्या जाळ्या, उतारावर काजूच्या बागा आणि या सगळ्यांतून गेलेले खाणींचे रस्ते. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मग पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. या खेळात ट्रक कधी होते, कधी नव्हते. लाल धूळ मात्र कोणत्याही निकालाला न जुमानता जागेवर राहिली. माझ्या बनियनांचा मूळ रंग आता फक्त बायकोला आठवतो आणि तीही तो चारचौघांत सांगत नाही.

डोंगर फुकट होता, सायकल घ्यायची होती. दुकानदाराने मला पाहताच डबल शॉकअपवाली पुढे ओढली. मधोमध पिवळीजर्द स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, दांड्यावर वीज कडाडल्याचं चित्र, '२१ गिअर' असा ठळक स्टिकर, आणि सगळं मिळून दहा हजारांच्या आत. आता मला सांगा, चांगल्या सस्पेन्शनच्या नुसत्या पुढच्या फोर्कला याहून जास्त पैसे पडतात. मग या पैशात फ्रेम, चाकं, ब्रेक आणि दोन-दोन शॉकअप बसवणारा माणूस काटकसर करतो ती कुठे? तर स्प्रिंगमध्ये. आत तेल नाही, उसळी आवरणारं काही नाही, नुसती लोखंडाची गुंडाळी. चढावर पेडल मारलं की अर्धा जोर चाकाला आणि अर्धा स्प्रिंगला. सायकल पुढे जायच्याऐवजी जागच्या जागी मान डोलावत राहते. वर वजन १८ ते २० किलो. ढकलत न्यायची वेळ आली की हे किलो एकेक करून मोजता येतात.

मी म्हटलं, 'बिनशॉकअपची दाखवा.'

त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख पसरलं, ते मी लग्नात मासे नकोत म्हणणाऱ्या पाहुण्याकडे बघणाऱ्या यजमानाच्या तोंडावरच पाहिलं होतं. 'पण पात्रांव, मग धक्के?' धक्के टायर खातो, हे मी त्याला समजावू लागलो. दोन इंचांहून रुंद टायर घ्यायचा आणि त्यात ३०-३५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवायची, बिनखर्चाचं सस्पेन्शन. त्याने हो-हो करत गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी पंप लावला आणि टायर टणटणीत फुगवून दिला. सायकलवाल्यांच्या हिशेबी मऊ टायर म्हणजे आळशी गृहिणी. घरी येऊन मी पहिलं काम केलं ते हवा काढण्याचं.

मागच्या चाकाचा हब, म्हणजे एक्सल बसतो तो मधला भाग, मात्र मी दुकानातच वाकून वाकून पाहिला. स्वस्तातल्या सायकलींना बहुतेक फ्रीव्हील असतं, म्हणजे दातेरी चकत्यांचा गड्डा हबवर आट्यांनी बसवलेला. त्यात उजवीकडचे छर्रे बरेच आत राहतात, एक्सलचा उरलेला तुकडा आधाराविना लोंबतो, आणि माझ्या वजनाचा माणूस एखाद्या खडकावरून खाली उतरला की तो वाकतो. कॅसेटवाल्या, म्हणजे चकत्या नुसत्या सरकवून बसवायच्या हबमध्ये छर्रे टोकाकडे असतात. चार पैसे घालायचेच तर ते इथे घालावेत, डिस्क ब्रेकच्या झगमगाटावर नव्हे. मध्यम उतारांना रिमला रबर दाबणारे चांगले व्ही-ब्रेक पुरतात आणि त्यांचे रबर आमच्या बाजारात मिळतात. २१ गिअरचं तर बोलूच नये. पुढच्या तीन आणि मागच्या सात चकत्यांचा गुणाकार तो. त्यातले निम्मे एकमेकांच्या अंगावर पडतात आणि काही लावले की चेन ओरडते. मी पुढे एकच चकती असलेली, अलॉयच्या फ्रेमची घेतली. पंधरा हजारांना थोडे कमी.

घरी तिचं स्वागत शांततेत झालं. आईने एक प्रदक्षिणा घातली. स्टँड नाही, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, शॉकअप नाही. 'बाकीचं मागाहून येणार आहे का?' तिने विचारलं.

खरं म्हणजे डोंगरात सायकल हाकण्याच्या या खेळाचा जन्मच भंगारातला. कॅलिफोर्नियात माउंट तामाल्पायस नावाचा ७८४ मीटरचा डोंगर आहे, म्हणजे उंचीने जवळजवळ आपला चोर्ला घाटच. तिथली पोरं सत्तरच्या दशकात तीस-चाळीस वर्षं जुन्या जाडजूड सायकली शोधून आणायची आणि वरून खाली सोडायची. पेडल उलटं दाबलं की लागणारा मागचा ब्रेक उताराच्या शेवटापर्यंत एवढा तापायचा की हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा. मग नवं ग्रीस भरायचं, की पुन्हा वर. १९७६ साली त्यांनी त्याच भागातल्या एका उतारावर शर्यती लावल्या आणि वीस वर्षांत, १९९६ला, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. हे मी आईला सांगितलं. 'त्यांच्या आयांनी काय केलं?' असं तिने विचारलं, त्यावर माझ्याकडे माहिती नव्हती.

आता देखभाल. आमच्या पेठेतला सायकलवाला कसबी माणूस आहे. पोदेरांच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्यांच्या, सायकली तो डोळे मिटून उघडतो नि जोडतो. पण माझ्या मागच्या चाकाला लटकणारं गिअर बदलण्याचं लोढणं बघून त्याने हात मागे घेतले. 'हें कंपनीन व्हर.' कंपनी पणजीला. म्हणून मग ॲलन पान्यांचा एक संच, चेन तोडायचं यंत्र, स्पोक आवळायची चावी आणि म्हापशाच्या बाजारातून ग्रीसचा डबा आणून मी घरीच दुकान मांडलं.

सायकल उलटी ठेवून काम केलं की गिअरच्या केबली मोडतात, शिवाय पेडल हाताने फिरवत गिअर बदलून नीट बघता येत नाही. ती टांगावी लागते. तयार स्टँडला जो भाव सांगितला, त्यात अर्धी सायकल आली असती. आमच्या सोप्यात मात्र वाशाला झोपाळ्याच्या दोन कड्या आजोबांच्या काळापासून आहेत. झोपाळा उतरवून कोपऱ्यात उभा केला, सुंभाचे दोन फास केले, सायकल बरोबर छातीच्या उंचीवर आली. जगातल्या कुठल्याही स्टँडने मान खाली घालावी असं काम. फक्त आईची दुपारची बसायची जागा गेली. ती आता पाटावर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाटावर का बसते ते सविस्तर सांगते.

चेनचं काम रविवारी. चेन काढायची, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत डिझेलमध्ये बुडवायची, बूच लावून हलवायची. सड्यावरच्या लाल धुळीने डिझेल कोकमाच्या आगळासारखं होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत खरं आगळही तशाच बाटलीत असतं, त्यामुळे एका सोलकढीच्या दिवशी घरात थोडी गडबड उडाली. तेव्हापासून माझी बाटली गोठ्यात असते. धुऊन वाळवलेली चेन खिळ्याला टांगायची आणि सुताराची स्टीलची टेप धरायची. नव्या चेनचे चोवीस अर्धे दुवे मोजले की पिन ते पिन बरोबर १२ इंच भरतात. सोळावा भाग इंच वाढली की चेन बदलायची. कंजूषपणा करून आठवा भाग वाढू दिली तर ती मागच्या चकत्याही आपल्या मापाने घासून घेते, आणि मग नवी चेन त्यांच्यावर बसायला तयार नसते. एवढा सूक्ष्म हिशेब मी घरखर्चात दाखवला असता तर बायको आज कौतुकाने बोलली असती, असं ती म्हणते.

तेल कोणतं, यावर वाड्यात मतभेद आहेत. शिलाई मशीनचं पातळ तेल उन्हाळ्यात छान. जूनमध्ये पहिल्या सरीबरोबर ते चेन सोडून जातं. पावसात मोटारसायकलवाले वापरतात ते ९० नंबरचं दाट तेल बरं, पण तेच एप्रिलमध्ये लावलं की सगळा सडा चेनवर गोळा होतो. आईला यातलं काहीच पटलं नाही. तिने एका संध्याकाळी प्रेमाने घाण्याचं, घरच्या नारळांचं खोबरेल चेनला चोपडलं. डिसेंबर होता. खोबरेल चोवीस अंशांखाली थिजतं. सकाळी चेनवर पांढरी साय धरलेली आणि आमचा कुत्रा ती मन लावून चाटत होता.

शेजारचे भाई वीज खात्यातून निवृत्त झालेले. हातात पाना दिसला की ते चहा टाकून येतात. एकदा डावं पेडल बदलायचं होतं. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता ते आपोआप सुटतं. हे मी सांगेपर्यंत भाईंनी पान्याच्या टोकाला लोखंडी पाइप चढवून दोन्ही हातांनी, तोंडाने मारुतीचं नाव घेत, ते अवघं वाकडं होईस्तोवर घट्ट करून ठेवलं. वाडा जमला. मी उलटे आटे दाखवले. भाईंनी घाम पुसला, सायकलकडे रोखून पाहिलं आणि निकाल दिला : 'म्हणजे तुला डावखुऱ्या माणसाची सायकल विकली.' त्यानंतर ते पंक्चरच्या वेळी येऊ लागले. सोल्यूशन लावल्यावर ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं असतं आणि मगच पॅच ठेवायचा. त्या चार-पाच मिनिटांत भाई 'लाव रे, लाव!' म्हणून जो आरडाओरडा करतात त्यापुढे करवंदीचा काटा सौम्य.

चाकाचा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढणं तेवढं मला निवांतपणे करता येतं, कारण ते बघायला कंटाळवाणं आहे. फ्रेमला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा, रिम फिरवायची, जिथे चिमट्याला घासते तिथल्या समोरच्या बाजूचे स्पोक पाव-पाव फेरा आवळायचे. घाई केली की डावीकडचा आउट उजवीकडे येतो.

एवढं सगळं निगुतीने केलेली सायकल घेऊन मी साखळीच्या पुढे, केरीच्या बाजूला चढण चढत असतो. दम छातीत मावत नसतो. मागून पों-पों आवाज येतो. पोदेर. बिनगिअरची काळी सायकल, चेनला तेल लावल्याची खूण नाही, कॅरियरवर पावांची पाटी, वर निळं प्लास्टिक. तो शेजारून जाताना माझ्या सात चकत्या, टायरची हवा, सगळं नीट न्याहाळतो आणि विचारतो, 'पाव जाय?' म्हणजे पाव हवाय का.

यंदा चतुर्थी आली तशी आईने कड्या परत मागितल्या. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास, दरवर्षी त्याच वाशाला बांधतात. सायकल खाली उतरली आणि पहिल्यांदाच आईने तिच्याकडे कामाच्या नजरेने पाहिलं. माटोळीला कांगलां हवी होती, रानातली आणखी चार फळं हवी होती. बाजारात ती मिळतात, पण भाव ऐकून ती परत आली होती. 'दोंगराची सायकल न्हय ती? मग दोंगरावयलें हाड.' म्हणजे डोंगरावरचं घेऊन ये.

कॅरियर बसवायला फ्रेमला भोकंच नाहीत, ही अडचण भाईंनी मोडीत काढली. कुठूनसे दोन क्लॅम्प आणले, आवळले, यावेळी सरळ आटे होते म्हणून खूश झाले. मी सड्याच्या पलीकडच्या रानात गेलो, शेवाळलेल्या जांभ्यावरून पाय टेकत, मऊ टायरवर उतरलो आणि मागे कांगलांचे केशरी घोस बांधून परत निघालो. रस्त्यात एकाने थांबवलं, दुसऱ्याने थांबवलं. लायसनचं कोणी काढलं नाही. डॉक्टरचं नाही. 'कांगलां खंय मेळ्ळीं?' एवढंच. जागा अर्थातच सांगितली नाही.

उद्या पुन्हा जायचंय. भाईंच्या घरच्या माटोळीची यादी आली आहे, आणि तिच्याखाली बायकोने येताना गिरणीतून आणायचं दळण लिहून ठेवलंय.