१०×२५ दुर्बीण घेण्याआधी एकदा संध्याकाळी बघा

खिशात मावणाऱ्या दुर्बिणीत स्वस्त-महाग फरक फारसा कळत नाही आणि घ्यायचीच तर १०×२५ (दहा पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग २५ मिमीचं) घ्या, असं छोट्या दुर्बिणींवरच्या एका लेखात म्हटलंय. फरकाचं भर दुपारी खरं आहे. पण २५ ला १० ने भागा: डोळ्यात शिरणारा प्रकाशझोत जेमतेम २.५ मिमी. ८×२५ मध्ये तो ३ च्या थोडा वर जातो. उन्हात बाहुली बारीक असते, चालून जातं. दिवेलागणीला मात्र झाडीतला पक्षी नुसता काळा ठिपका उरतो. शिवाय १० पटीला हाताची थरथरही जास्त जाणवते. मी ८×२५ च घेईन.

माझ्या पहिल्या स्वस्तातल्या दुर्बिणीने दहा मिनिटांत कपाळ दुखायचं. दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या, हे फार उशिरा कळलं. म्हणून घेण्याआधी दूरच्या आडव्या तारेकडे बघा. ती एक दिसायला डोळ्यांना ताण पडत असेल तर तिथेच ठेवून द्या.

महागड्या छोट्या दुर्बिणीत बरेच पैसे काचेला आणि रूफ प्रिझमवरच्या (सरळ नळीच्या दुर्बिणीत चित्र सुलटं करणाऱ्या काचेवरच्या) फेज कोटिंगला, म्हणजे चित्र स्पष्ट ठेवणाऱ्या थराला जातात. बजेट कमी असेल तर उलट्या पोरो प्रिझमची (पुढची भिंगं डोळ्यांकडच्या भिंगांपेक्षा एकमेकांच्या जवळ असलेली) बघा. थोडी रुंद असते, पण तिला त्या कोटिंगची गरजच नसते. आणि चष्मेवाल्यांनो, आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसायला डोळा भिंगापासून जितका दूर ठेवता येतो ते अंतर) १५ मिमीच्या खाली नको.