तेव्हाची मुलं म्हणे रडली नाहीत!

गेले काही महिने एक मेसेज घराघरांतल्या ग्रुपांवर फिरतोय. वर लाल रंगाचं, मुकुट छापलेलं ‘कीप काम अँड कॅरी ऑन’चं पोस्टर, म्हणजे शांत राहा आणि कामाला लागा. त्याखाली गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेल्या मुलांचा काळा-पांढरा फोटो. मजकूर साधारण असा: दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोवर बॉम्ब पडत होते, तरी तिथली मुलं रडली नाहीत. सरकारने सगळ्यांना सुखरूप खेड्यांत पोचवलं, काहींना तर बोटीने परदेशी. शाळा एक दिवस बुडली नाही. रेशनचं मोजकं खाऊन मुलं ठणठणीत राहिली. धर्म-वंश विसरून सगळे एक झाले. समुपदेशक कोणालाही लागला नाही. आणि आपली मुलं? वाय-फाय गेलं की डिप्रेशन!

मला हा सासर-माहेर दोन्हीकडून आला, वर ‘तू तिथेच राहतेस ना, बघ’ अशी पुस्ती. राहते खरी. आणि इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा ऐकायची मला खोडही आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते पोस्टर. १९३९ साली त्याच्या सुमारे २५ लाख प्रती छापल्या, पण मोठे हवाई हल्ले झाले की लावू म्हणून त्या राखून ठेवल्या. हल्ले झाले तेव्हाही त्या भिंतींवर गेल्या नाहीत. बहुतेक प्रती १९४० मध्येच रद्दीत जाऊन त्यांचा लगदा झाला. २००० साली उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यातली एक प्रत सापडली आणि मग ती कप, टॉवेल, टी-शर्टवर चढली. त्याच संचातलं दुसरं एक पोस्टर मात्र खरंच लागलं होतं. ‘तुमचं धैर्य, तुमचा आनंदी स्वभाव, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल’ असा त्याचा आशय. ते वाचून लोकांनी नाकं मुरडली: धैर्य आमचं आणि विजय तुमचा होय?

आता ‘सगळ्यांना सुखरूप खेड्यांत पोचवलं’. १ सप्टेंबर १९३९ पासून तीन दिवसांत ग्लासगोतून सुमारे १ लाख २० हजार जणांना आगगाड्यांनी बाहेर काढलं, हे खरं, आणि व्यवस्था म्हणून ते अचाट काम होतं. पण जाणं सक्तीचं नव्हतं. शहरातली निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं गेलीच नाहीत. शिवाय गळ्यात चिठ्ठी आणि हातात बोचकं घेतलेलं एकटं मूल हे चित्र मुख्यतः लंडनचं. स्कॉटलंडमध्ये एकट्या शाळकरी मुलांपेक्षा आया आणि त्यांच्या सोबतची मुलं यांचीच संख्या मोठी होती. त्यामुळे पर्थशर किंवा गॅलोवेतल्या एखाद्या शेतकरणीच्या स्वयंपाकघरात अचानक दुसरी बाई येऊन उभी राहिली, तीही तीन-चार पोरं घेऊन. एका चुलीवर दोन बायका म्हटल्यावर पुढचं आपल्याला सांगायला नको.

माझ्या जिन्यातल्या तळमजल्यावर एक आजी होत्या, आता त्या नाहीत. तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या. आईबरोबर पर्थशरला गेल्या होत्या. त्यांना आठवायचा तो चिखल, गाईंची भीती आणि आईची सततची कुरकुर: इथे ना चिप्सचं दुकान, ना सिनेमा, ना शेजारीण. महिना पुरा व्हायच्या आत आईने गाठोडं बांधलं आणि सगळे परत ग्लासगोला. सरकारला वाटलं होतं बॉम्बच्या भीतीने लोक खेड्यात टिकून राहतील. पण तो शरद सरत आला तरी ग्लासगोवर बॉम्ब काही पडला नाही. घरी नवरा एकटा, दोन ठिकाणचा खर्च, वर परक्या घरातली तोंडं. नाताळ येईपर्यंत गेलेल्यांपैकी साधारण तीनचतुर्थांश लोक परतले होते.

जी मुलं एकटी गेली, त्यांचं वाटप कसं व्हायचं तेही बघा. गावच्या सभागृहात मुलांना उभं करायचे आणि घरमालकांनी निवडायचं. शेतकामाला उपयोगी दिसणारे दणकट मुलगे आणि नीटनेटक्या मुली आधी उचलल्या जायच्या. तीन भावंडं ‘एकत्रच राहू’ म्हणून हात धरून उभी असतील तर ती शेवटपर्यंत उरायची. पहिल्या मुलामागे घरमालकाला आठवड्याला साडेदहा शिलिंग, जास्त मुलं असतील तर प्रत्येकी साडेआठ. आपल्याला कोणी घेतलं नाही ही आठवण या पिढीच्या सांगण्यात पुन्हा पुन्हा येते, बॉम्बच्याही आधी.

मग तक्रारी सुरू झाल्या, आणि त्या मोठ्यांच्या होत्या. शहरातली पोरं उवा आणि खरूज घेऊन आली, त्यांच्या पायात धड बूट नाहीत, अंथरूण ओलं करतात. गावोगावच्या समित्यांत आणि वर्तमानपत्रांत हेच चाललं होतं. आपल्या देशातल्या शहरी गरिबीचं हे दर्शन अनेक खेड्यांना तेव्हा पहिल्यांदा घडलं. त्यात ग्लासगोतली बरीच मुलं आयरिश वंशाची, कॅथलिक, आणि गावं कट्टर प्रॉटेस्टंट. जवळपास ना त्यांचं चर्च, ना पाद्री, ना शाळा. ‘धर्म विसरून एक झाले’ म्हणणाऱ्याने ही भांडणं जरूर वाचावीत.

शाळेच्या मुद्द्याला दोन ओळी पुरेत. शिक्षक मुलांबरोबर खेड्यांत गेल्यामुळे मागे राहिलेल्या मुलांच्या शाळांना कुलपंच लागली. काही इमारती सैन्याने आणि नागरी संरक्षण दलाने ताब्यात घेतल्या. आश्रयस्थानं बांधून झाल्याशिवाय वर्ग भरवायचे नाहीत असा नियम, त्यामुळे शाळा उघडल्या त्याही हळूहळू आणि अर्ध्या वेळच्या पाळीत. एक दिवस कसला, कित्येकांचे महिने बुडाले, आणि मुलांना त्याचं फारसं दुःख झालं नाही!

आता बॉम्बवर्षावाकडे येते, कारण इथे हा मेसेज नुसता चुकीचा नाही, तर निर्दय आहे. ग्लासगोच्या पश्चिमेला क्लाइड नदीच्या काठी ट्रॅमच्या अंतरावर क्लाइडबँक नावाचं वेगळं गाव आहे. तिथे जॉन ब्राउनची जहाजगोदी होती आणि सिंगरचा अवाढव्य कारखाना होता. आपल्याकडे घरोघरी दिसणारी जुनी सिंगर शिलाई यंत्रं याच कारखान्यातून यायची. १३ मार्च १९४१ ला पौर्णिमेचं लख्ख चांदणं होतं. रात्री नऊच्या सुमाराला भोंगे वाजले आणि दोनशेहून जास्त जर्मन विमानं पहाटेपर्यंत येतच राहिली. दुसऱ्या रात्री पुन्हा आली. सिंगरच्या लाकडाच्या वखारीला आणि नौदलाच्या तेलाच्या टाक्यांना आग लागली, आणि त्या उजेडात पुढच्या विमानांना काही शोधावं लागलं नाही. गोदीत दुरुस्तीला आलेल्या ‘पिओरून’ या पोलिश युद्धनौकेवरच्या खलाशांनी रात्रभर तोफा डागल्या. गोदी बऱ्यापैकी बचावली. राहती घरं मात्र नाही.

क्लाइडबँकमधल्या सुमारे १२ हजार घरांपैकी ज्यांना धक्का लागला नाही अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मृत ५२८, बेघर सुमारे ३५ हजार, आणि गावाची वस्तीच जेमतेम पन्नास हजारांची. ग्लासगोसह सगळ्या नदीकाठचे मृत धरले तर आकडा १२०० च्या घरात जातो. डलनॉटरच्या दफनभूमीत बेवारस मृतदेह एकाच खड्ड्यात पुरले, तेही चादरीत गुंडाळून दोरीने बांधलेले, कारण पेट्या पुरल्या नाहीत. खेड्यांतून परत आलेली मुलं त्या रात्री याच नदीकाठी होती.

इथल्या जुन्या इमारती म्हणजे आपल्या गिरगावातल्या चाळींच्या दगडी बहिणी: एक जिना, मधल्या चौथऱ्यावर सामाईक संडास, मागे सामाईक अंगण. परसबाग नाही, त्यामुळे जमिनीत पुरायचा पत्र्याचा निवारा इथे कोणाला उपयोगाचा नव्हता. तळमजल्याच्या बोळाला टेकू लावले आणि बोळाच्या तोंडासमोर विटांची आडवी भिंत उभी केली. ब्लॅकआउटच्या अंधारात या भिंतीवर आपटून नाक फोडून घेणारेही कमी नव्हते. भोंगा झाला की वरच्या मजल्यांवरची मंडळी खाली बोळात येऊन बसायची. दोन ते पाच वर्षांच्या पोरांसाठी गॅस मुखवटा होता लाल रबराचा, त्याला निळं डबडं आणि नाकाच्या जागी लोंबणारी एक जीभ. त्याला ‘मिकी माउस’ म्हणायचे, पोरांनी तो हौसेने चढवावा म्हणून. असा एक मी हातात घेऊन पाहिलाय: रबर आता कडक झालंय, तरी वास जात नाही. तान्ह्या बाळाला तर कमरेपर्यंत एका टोपात घालायचं आणि आईने बाहेरून हाताने भात्यासारखा पंप मारत राहायचं. हात थांबला की बाळाची हवा थांबली.

‘रडली नाहीत’ हे कळलं कुठून, तर त्याचंही उत्तर आहे. वर्तमानपत्रांना गावाचं नाव छापायची सुरुवातीला मुभा नव्हती, नुसतं ‘क्लाइडसाइड’, म्हणजे क्लाइडचा काठ. काही दिवसांनी सरकारी निवेदन आलं की क्लाइडसाइडवर सुमारे पाचशे माणसं दगावली. त्यावर होमगार्डमधल्या एका माणसाने ‘कुठल्या गल्लीत?’ असं विचारल्याचं इथे अजून सांगतात. गावातले बहुतेक लोक तोवर निघून गेले होते. काहींनी रात्री किलपॅट्रिकच्या टेकड्यांवर उघड्यावर काढल्या. सेन्सॉरने पुसलेल्या बातमीत रडणारं मूल सापडणार कसं?

‘धर्म-वंश विसरून एक झाले’ याचा दुसरा भाग. ग्लासगो आणि एडिनबरामध्ये आइसक्रीम आणि फिश-अँड-चिप्सची दुकानं बरीचशी इटालियन कुटुंबांची. १० जून १९४० ला मुसोलिनीने युद्ध पुकारलं आणि त्याच रात्री जमावांनी ही दुकानं फोडली. कालपर्यंत ज्याच्याकडून आइसक्रीम घेतलं त्याच्याच काचेवर दगड. पुरुषांना पकडून नेलं. त्यातल्या अनेकांना ‘अरँडोरा स्टार’ जहाजावर घालून कॅनडाला धाडलं. २ जुलैला जर्मन पाणबुडीने ते बुडवलं आणि आठशेहून जास्त जीव गेले, त्यांत चारशेहून जास्त इटालियन. एडिनबराच्या लीथ बंदरात आइसक्रीमचं दुकान चालवणाऱ्या एका घरचा सोळा वर्षांचा मुलगा तेव्हा एडिनबराच्या तुरुंगात डांबलेला होता. त्याचे वडील, आजोबा आणि मामा त्या जहाजाबरोबर गेले. हा मुलगा पुढे शिल्पकार झाला, एदुआर्दो पाओलोत्झी. लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनातली रंगीत मोझेकं पाहिलीत ना, ती त्याची.

आणि परदेशी सुखरूप गेलेली मुलं? ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज ग्लासगोच्या लिंटहाउस गोदीत १९३६ साली बांधलेलं. त्यावरून ९० मुलं सरकारी योजनेत कॅनडाला निघाली होती. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री अटलांटिकमध्ये ते बुडालं आणि त्यातली ७७ मुलं गेली. शंभरच्या आसपास हिंदी खलाशीही गेले, ज्यांची आठवण आपल्या मेसेजांतसुद्धा कोणी काढत नाही. वाचलेल्यांना याच नदीच्या तोंडाशी, ग्रीनॉक आणि गुरॉकला उतरवलं. त्यानंतर योजनाच गुंडाळली.

रेशनबद्दल थोडं मान्य करायला हवं. श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखं मिळालं. गरोदर बायकांना आणि मुलांना स्वस्त किंवा फुकट दूध, संत्र्याचा रस, कॉड माशाचं तेल मिळू लागलं. स्कॉटलंडमधला बालमृत्यूचा दर १९४१ मध्ये हजारी सुमारे ८३ पर्यंत चढला होता, तो १९४५ पर्यंत ५६ वर आला. पण यात पोटाला चिमटा घेण्याचा पराक्रम काय? हे दुधाच्या बाटलीचं आणि सरकारी खर्चाचं श्रेय आहे. दाटीवाटीच्या खोल्यांत क्षय मात्र वाढतच गेला. इतका, की १९५७ मध्ये ग्लासगोने पाच आठवड्यांत सात लाखांहून जास्त लोकांच्या छातीचे एक्स-रे काढले. मुलांना सगळ्यात जास्त जाचलं ते गोळ्या-चॉकलेटांचं रेशन. ते जुलै १९४२ मध्ये लागलं, १९४९ मध्ये उठवलं, तर इतकी झुंबड उडाली की काही महिन्यांत पुन्हा लावावं लागलं, आणि सुटलं १९५३ मध्ये. युद्ध संपून तोवर आठ वर्षं होत आली होती.

मुलांनी मजा केली नाही असं मी म्हणत नाही. बॉम्बचे तुकडे गोळा करून गोट्यांसारखी अदलाबदल चालायची, पडक्या घरांत लपाछपी रंगायची, अंगणातून हाक मारली की आई वरच्या खिडकीतून कागदात गुंडाळलेला जॅम-पाव खाली टाकायची. तळमजल्यावरच्या आजी हे सांगताना खुलायच्या. त्याच आजींना म्हातारपणीही दार आतून लावून झोपता येत नसे. हे त्यांनी नाही, त्यांच्या मुलीने सांगितलं.

राहिला समुपदेशक. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांचा प्रश्न इतका मोठा झाला की घरमालकांना धुण्यासाठी जादा भत्ता द्यावा लागला. ज्यांना कोणतंच घर ठेवून घेईना अशा मुलांसाठी वेगळी वसतिगृहं काढावी लागली. आणि ग्लासगोत मुलांच्या मानसिक अडचणींसाठीचं नोत्र दाम चाइल्ड गायडन्स क्लिनिक १९३१ पासून चालू होतं, युद्धाच्या आठ वर्षं आधीपासून.