विष ओळखा, घरबसल्या!

खाण्याच्या पाकिटातलं विष ओळखायला रसायनशास्त्र यावं लागतं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. एक चांगला फॉरवर्ड पुरतो. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात असाच एक तक्ता आला. लाल, पिवळा, हिरवा असे तीन रकाने. लालमध्ये सगळ्यात वर, कवटीसकट, ई ३३०. (ई क्रमांक म्हणजे खाद्यपदार्थांत मिसळायच्या घटकांना दिलेले क्रमांक.)

तर नियम पहिला. नावाचा उच्चार जमला नाही की ते विष. पाकिटावर ॲस्कॉर्बिक ॲसिड दिसलं की ते फेकायचं आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणायच्या. (दोन्ही एकच, पण गोळ्यांवर कवटी नसते ना!)

ई क्रमांक दिसला की पळा. प्राणवायूलाही ई ९४८ आहे, तेव्हा श्वास बेतानेच घ्या.

ई ६२१, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट (अजिनोमोटो), वर्ज्य. टोमॅटो आणि मुरलेलं चीज मात्र पोटभर खा, त्यातलं ग्लुटामेट सुसंस्कृत असतं.

प्रमाण कधीच विचारू नका. २०२३ मध्ये ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा ‘कदाचित कर्करोगकारक’ ठरलं, एवढंच वाचायचं. त्याच वेळी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त समितीने शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज ४० मिलिग्रॅमची मर्यादा कायम ठेवली, आणि ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसात ९ ते १४ कॅनपेक्षा जास्त डाएट पेय ढोसावं लागेल, हे वाचलंत तर भीतीची मजाच गेली.

मांस टिकवायला घातलेलं नायट्राइट? काढून टाका. बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जिवाणूंचीही सोय बघायला हवी. नायट्राइटपासून नायट्रोसामाइन ही कर्करोगाशी जोडलेली रसायनं तयार होऊ शकतात, म्हणून त्यावर खरी चर्चा चालते. पण चर्चेला तक्त्यात रकाना नाही.

आता तो ई ३३०. सायट्रिक ॲसिड. लिंबातलं! १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये एक पत्रक फिरलं, एका कर्करोग रुग्णालयाचं नाव चिकटवून. त्यात हाच सगळ्यात घातक ठरवला होता. रुग्णालयाने हात झटकले, तरी पत्रक वर्षानुवर्षं झेरॉक्स होत राहिलं. तेच आता इमोजी लावून आमच्या मावशीकडे पोचलंय. आणि हिरव्या रकान्यात काय? ई २२०! म्हणे, ‘सुक्या फळांचा नैसर्गिक रंग टिकवतो’. ते सल्फर डायऑक्साइड आहे हो, सल्फाइटांपैकी एक! दमा असलेल्या काही जणांना त्याने धाप लागते. म्हणून तर किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ते पाकिटावर लिहायलाच हवं, असा कोडेक्सचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचा, नियम आहे. मी हे ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, “कंपनीने किती दिले?”

अहो, लाज वाटत नाही? या ग्रुपवरच्याच एका घरात दम्याचं पोर आहे, आणि तुम्ही तिथे सल्फाइटला हिरवा झेंडा दाखवता? फिनाइलकीटोन्यूरिया (ॲस्पार्टेममधलं फिनाइलअलॅनिन शरीराला न पेलणारा जन्मजात आजार) असलेल्या बाळाच्या आईला ॲस्पार्टेमची ती बारीक अक्षरातली ओळ खरंच शोधावी लागते, आणि तुम्ही सगळ्यांना सगळ्याचीच भीती घालून तिचा इशारा गोंगाटात बुडवता. दोन मिनिटं पाकीट उलटं करून वाचायचा कंटाळा, पण पन्नास जणांना पाठवायला अंगठा तयार. तो तक्ता आधी डिलीट करा. आणि ज्यांना ज्यांना पाठवलात, त्यांना ई २२० ते २२८ या सल्फाइटांबद्दल आजच्या आज फोन करून सांगा.