ओ आणि ओ-२७ रूळ एकच नव्हेत

‘खेळण्यातल्या गाडीचे ओ आणि ओ-२७ हे नळीचे रूळ एकच, फरक फक्त वळणाचा, बिनधास्त जोडा’ असा सल्ला फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. या रुळांत मधे विजेचा तिसरा रूळ असतो; बाहेरच्या दोन रुळांमधलं अंतर दोन्हींत सव्वा इंच, म्हणून गाडीची चाकं दोन्हींवर बसतात. पण ओ रुळाची उंची ११/१६ इंच, ओ-२७ ची जेमतेम ७/१६. शिवाय ओ-२७ च्या, रुळाला रूळ जोडणाऱ्या पिना बारीक. ओच्या नळीत त्या खुळखुळतात, वीज तुटते आणि इंजिन नेमकं त्या सांध्यावर आचके देतं.

मिसळायचेच असतील तर ओ-२७ खाली पाव इंचाची पट्टी द्या. साधी पिन सैल झाली असेल, तर नळीचं तोंड पक्कडीने अगदी हलकेच आवळा; जोर लावलात तर नळी चेपते.